यंत्रणा झोपेत, बाई छपरावर

चॅनलची माणसं रविवारी अकराला येणार होती आणि थोरला आठ वाजल्यापासून बैठकीच्या खोलीत खुर्च्या हलवत होता. सोफा खिडकीखाली ठेवला तर उजेड पाठीमागून येई आणि बसणाऱ्याचं तोंड काळं दिसे. भिंतीला लावला तर मागं विजेचा मीटर येई. चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं लोकांची तोंडं आरशात बघण्यात गेली होती, त्यामुळं उजेडातलं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत होती. शेवटी त्यानं मीटरवर कॅलेंडर टांगलं.

"ते मागच्या वर्षीचं आहे," अण्णा म्हणाले.

"तारीख कोण बघतंय, अण्णा?"

"मी बघतो."

अण्णांनी चौतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळींतल्या वेलांट्या आणि उकार जागेवर आणून ते निवृत्त झाले. बातमी खरी की खोटी हे बघणं त्यांच्याकडं नव्हतं. ते वरच्या मजल्यावरच्या लोकांकडं होतं, आणि वरच्या मजल्यावर ते कुणीतरी बघत असणार असं अण्णांनी चौतीस वर्षं गृहीत धरलं. सुनेची त्याच दैनिकात आलेली बातमी त्यांनी कापून वहीत चिकटवली होती. पेन्सिलीनं दोन दुरुस्त्याही केल्या होत्या. 'निर्भीड'ची भी बातमीदारानं ऱ्हस्व लिहिली होती.

सून, म्हणजे थोरल्याची बायको, सरकारी शाळेत शिकवत होती. गल्लीत तिला सगळे बाईच म्हणत आणि हळूहळू घरातही तेच रूढ झालं, नवऱ्यासकट. तीन आठवड्यांपूर्वीच्या एका रविवारी बाई शाळेच्या छपरावर चढल्या आणि तिसरीच्या वर्गावर नवे पत्रे ठोकले. त्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ चॅनलनं सोमवारी दाखवला. बाह्या दुमडलेल्या, तोंडात खिळे धरलेले, हातात हातोडी, मागं मोकळं आभाळ. चॅनलनं तो दिवसभरात अकरा वेळा दाखवला. खाली पट्टी होती, 'यंत्रणा झोपेत, बाई छपरावर'. चाळीस सेकंद संपले की बांधकाम खात्याचं कार्यालय दिसे आणि कॅमेरा एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन थांबे.

ती खुर्ची धाकट्याची होती. अण्णांचा धाकटा मुलगा त्या खात्यात कनिष्ठ अभियंता होता आणि शाळांच्या दुरुस्त्या त्याच्याकडं होत्या. खुर्चीचं चित्रण झालं तेव्हा तो दुसऱ्या एका शाळेत भिंतीच्या भेगेत पट्टी घालून तिची खोली मोजत होता. पण मोजणारा माणूस खुर्चीत दिसत नाही, आणि कॅमेऱ्याला खुर्चीच हवी होती. चौथ्या दिवशी त्याला कारणे दाखवा नोटीस आली.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी त्याला फोन केला. "तुझ्या खात्याचं छापून आलंय," एवढंच म्हणाले आणि वाट बघितली. धाकटा काही बोलला नाही. अण्णांनी फोन ठेवला. त्यानंतर आजपर्यंत बापलेक एकमेकांशी कामापुरतं बोलले, आणि काम असं काही निघालं नाही.

*

धाकटा आणि त्याची बायको, धाकटी, दहाला आले. सगळं कुटुंब हवं असं चॅनलचं म्हणणं होतं, नाहीतर धाकटी आलीच नसती. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. बातमीत येणं म्हणजे काय हे तिला घरातल्या बाकीच्यांच्या आधीपासून माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पेपरात तिचा पाठमोरा फोटो आला होता, 'रुग्ण तळमळताहेत, परिचारिका मोबाईलमध्ये दंग'. मोबाईलवर ती सलाईनच्या थेंबांचा हिशेब करत होती. त्या फोटोनंतर ती हिशेब तळहातावर पेनानं करू लागली. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

चपला काढून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. बाई कपबशा पुसत होत्या.

"ताई, आज सांगणार ना तुम्ही?"

"काय?"

"हे तिथं होते ते. दुपारभर तुमच्याबरोबर होते. घरी आले तेव्हा दोन्ही तळहात पत्र्यानं कापलेले. मीच पट्ट्या बांधल्या."

बाईंनी पुसलेली बशी पुन्हा पुसली. "मी पहिल्याच दिवशी सांगणार होते. भाऊजीच नको म्हणाले."

"ते कशालाही नको म्हणतात. वाढदिवसाला शर्ट घेते तर नको म्हणतात."

"मी दोनदा विचारलं गं. दोन्ही वेळा हात जोडले त्यांनी माझ्यापुढं."

धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. जावेवर चिडायचं तिनं रस्ताभर ठरवलं होतं आणि आता ते जमेना. बाईंचा चेहरा तीन आठवड्यांत उतरला होता. टीव्हीवर आलेल्या बाईचा उतरू नये तसा.

"एक मात्र मला कळत नाही," धाकटी म्हणाली. "शिडी एवढी मोठी. ती धरून माणूस उभा. तो चाळीस सेकंदांत एकदाही कसा दिसला नाही?"

"फोन तिरका धरला असेल कुणीतरी. कुणा पालकानं काढलाय म्हणे."

तेवढ्यात बाहेरून धाकट्याचा आवाज आला. "वहिनी, डावीकडं पाय टाकू नका, तिथला पत्रा कुजलाय."

दोघी एकदमच बाहेर आल्या. धाकटा दाराजवळच्या स्टुलावर बसला होता, तोंड मिटून. आवाज टीव्हीतून येत होता.

*

घरातली माणसं तो व्हिडिओ बघत बसली आहेत असं दृश्य चॅनलला हवं होतं, म्हणून थोरल्यानं फोन टीव्हीला जोडून बघितला होता. फोनच्या गॅलरीत दोन व्हिडिओ शेजारीशेजारी होते. बोट शेजारच्यावर पडलं.

हा व्हिडिओ आडवा होता आणि चांगला सहा मिनिटांचा. छपरावर बाई होत्या, पण लहानशा. चित्राच्या मधोमध धाकटा होता. एका पायानं शिडी अडवून, डोक्यावर पत्रा तोलून, तो वर देत होता. मग दुसरा. मग खिळ्यांची पिशवी. मग तो स्वतः निम्म्या शिडीवर चढला आणि पत्र्याची कड हातानं दाबून धरली, आणि वरून बाईंनी ठोकलं.

थोरल्यानं फोन उपटून काढला. टीव्ही निळा झाला.

"पुढं दाखव," अण्णा म्हणाले.

"तेच आहे अण्णा, पुढंही."

"दाखव."

सहाही मिनिटं अण्णांनी पुढं वाकून बघितली. संपल्यावर चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"दादा, हा तुम्ही काढलाय?" धाकटीनं विचारलं.

"हो. म्हणजे, डबा द्यायला गेलो होतो शाळेत. दोघांचा."

"आणि कापला कुणी?"

"कापला नाही, उभा केला. हल्ली उभाच चालतो. आडव्यात बाई एवढीशी दिसत होती. आणि ती शिडी मध्ये येत होती सारखी."

"शिडी मध्ये येत होती," धाकटीनं शांतपणे म्हटलं. "चॅनलला कुणी पाठवला?"

थोरला फोनची वायर गुंडाळू लागला. तेवढ्यात बाईच पुढं आल्या. "तुम्ही म्हणालात, कुणा पालकानं पाठवला."

"मी म्हटलं, पालकानं पाठवला असेल."

"तुम्ही पाठवलात?"

"त्यांच्याच स्क्रीनवर नंबर येतो गं. पाठवा तुमच्या परिसरातली बातमी. मला वाटलं, लोकांना दिसू दे तू काय करतेस. गेल्या वर्षी याच चॅनलवर ते सुट्टीतल्या शिक्षकांचं आलं होतं, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक मला म्हणालं, तुमच्याकडं काय, मिसेसना चार महिने सुट्टी. मी काही बोलू शकलो नव्हतो. यावेळी म्हटलं, बघा."

हे खरं होतं, आणि एवढंच खरं नव्हतं. त्या सोमवारपासून दुकानात लोक चष्म्याची गरज नसतानाही डोळे तपासून घ्यायला येत होते आणि 'बाईंचे मिस्टर' म्हणून त्याच्याशी हात मिळवत होते. लहानपणापासून शाळेत पहिला येणारा धाकटा होता. थोरल्याला बक्षिसाच्या वेळी टाळ्या वाजवायची सवय होती. धाकट्याला मुद्दाम काढून टाकायचं त्याच्या मनात नव्हतं. बोटानं चौकट ओढताना भाऊ बाहेर राहिला, आणि राहिला ते त्याला फारसं खुपलं नाही, इतकंच.

"आता तो आख्खा व्हिडिओ द्या त्या बातमीदाराला," धाकटी म्हणाली. "आत्ता येतील ना, तेव्हाच."

"देतो," थोरला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी स्वतः सांगतो त्यांना. माझी चूक झाली म्हणून सांगतो."

"कुणी काही सांगायचं नाही." स्टुलावरून धाकटा पहिल्यांदाच बोलला.

"का पण?"

"पत्रे कुठून आले, विचारतील."

सगळे त्याच्याकडं बघू लागले. पत्रे कुठून आले हे तीन आठवड्यांत कुणी विचारलं नव्हतं. चॅनलनंही नाही. बातमीत बाई होत्या, खिळे होते, आभाळ होतं. पत्रे जणू आभाळातूनच आले होते.

"भांडारातून काढले मी," धाकटा म्हणाला. "कार्यालयाच्या मागं साहेब लोकांच्या गाड्यांसाठी शेड व्हायचीय, त्याचे होते. आठ पत्रे. शाळेचा प्रस्ताव तीन वेळा वर गेला, तीन वेळा खाली आला. शनिवारी साहेब तोंडी म्हणाले, बघू, सोमवारी सही करतो. पाऊस तर रविवारी रात्रीचा सांगितला होता. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय, सोमवारी सही झाली की कागद जुळेल. सोमवारी ही बातमी आली. आता साहेब कशाला सही करतात."

"म्हणजे?" धाकटीनं विचारलं. तिला अर्धं कळलं होतं.

"म्हणजे मी झोपलो होतो म्हटलं तर ताकीद मिळते. मी जागा होतो म्हटलं तर निलंबन."

मग धाकटी थोरल्याकडं वळली. तिच्या आवाजातला मघाचा ताठा पार गेला होता. "दादा, तो मोठा व्हिडिओ पुसून टाका."

"अगं पण आत्ताच तू—"

"पुसा. माझ्यासमोर पुसा."

"पुसू नका," बाई म्हणाल्या. "राहू दे फोनमध्ये. पण द्यायचा नाही कुणाला."

अशी पाच मिनिटांत घरातली फळी उलटीपालटी झाली. सत्य सांगा म्हणणारी गप्प बसा म्हणू लागली आणि चौकट ओढणाऱ्याला कबुलीजबाबाची घाई झाली. शेवटी चौघांचं एकमत झालं. धाकट्याचं नाव काढायचं नाही, खातं काढायचं नाही, विचारलंच तर 'नोकरी करतो' म्हणायचं. अण्णांना कुणी विचारलं नाही. अण्णा गप्प होते म्हणजे त्यांना मान्य आहे असं त्या घरात पूर्वीपासून धरत आले होते.

खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला.

*

बातमीदार मुलगी पंचविशीची असेल. वागायला चांगली होती, वाकून अण्णांना नमस्कार केला, पाणी मागून घेतलं. त्या दिवशी तिला आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. कॅमेरावाल्यानं आल्याआल्या कॅलेंडर उतरवलं. "मीटर असू दे," तो म्हणाला. "साधं घर वाटतं." थोरल्यानं हलवलेला सोफाही त्यानं पुन्हा होता तिथं नेला.

बाई सोफ्यावर बसल्या. पदराला मायक्रोफोन लागला. समोरच्या दिव्यानं डोळे दिपत होते आणि त्यापलीकडं घरचे नुसते आकार दिसत होते.

त्यांना कालची शाळा आठवत होती. काल परिपत्रक आलं होतं. सर्व शिक्षकांनी 'अलीकडच्या प्रेरणादायी उदाहरणावरून बोध घेऊन' शाळेतल्या किरकोळ दुरुस्त्या स्वयंस्फूर्तीनं कराव्यात, असं त्यात होतं. गणिताच्या सरांनी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. दोन ओळींनंतर थांबून ते म्हणाले होते, "माझ्या गुडघ्यात वाटी नाही. स्वयंस्फूर्ती कुठून आणू?" कुणी हसलं नव्हतं. हे सर आणि त्या अठरा वर्षं एकाच टेबलावर डबा खात होते. चॅनलवर बातमी आल्यापासून सर डबा वर्गात खात होते. एका पालकानं त्यांना फाटकात गाठून विचारलं होतं, बाईमाणूस वर चढते आणि तुम्ही काय करता?

"बाई, सुरुवात करू," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"आमच्या शाळेच्या तीन वर्गखोल्या गळतात. एकीवर आता पत्रे आहेत. दोन तशाच आहेत. दुसरीची खोली सोळा फूट बाय—"

"ते आहे आमच्याकडं. छपरावर चढताना तुमच्या मनात काय चाललं होतं?"

"पाय घसरू नये."

मुलगी छान हसली. "आणि मुलांचे चेहरे? ते डोळ्यांसमोर आले असतील."

"मुलं नव्हती. रविवार होता."

"म्हणजे मनात आले असतील."

"त्या वेळी खिळे तोंडात होते. एक जरी गिळला असता तर पंचाईत होती, त्यामुळं खिळ्यांकडंच लक्ष."

कॅमेरावाला मागं खोकला. मुलीनं धीर सोडला नाही. "जे शिक्षक फक्त पगारापुरतं काम करतात, त्यांना तुम्ही काय सांगाल?"

दिव्यापलीकडं बाईंना कुणी दिसत नव्हतं, पण थोरला 'बोल काहीतरी' असा चेहरा करून उभा असणार हे न बघताही ठाऊक होतं. "मी ज्यांच्याबरोबर काम करते," त्या सावकाश म्हणाल्या, "त्यांच्यातले एक सर गेली सहा वर्षं सुट्टीत येऊन कच्च्या मुलांची गणितं करून घेतात. ते कुणी बघितलेलं नाही, कारण ते जमिनीवर बसून करतात. छप्पर दुरुस्त करणं हे माझं काम नाही. ते मला नीट आलेलंही नाही. कोपऱ्यात अजून गळतं. माझं काम शिकवणं आहे आणि त्या दिवसापासून मी नीट शिकवू शकलेली नाही, कारण रोज कुणीतरी फोटोला येतं."

"खूप छान," मुलगी म्हणाली आणि घड्याळाकडं ओझरतं बघितलं. "आता सासऱ्यांचे दोन शब्द घेऊ. आजोबा, सुनेबद्दल काय वाटतं?"

अण्णा ताठ बसले. गळपट्ट्यासारखा मायक्रोफोन लटकत होता, तो त्यांनी सरळ केला.

"एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले.

दाराजवळ धाकटीनं नवऱ्याचा दंड धरला.

"तुमच्या बातमीत आलं, यंत्रणा झोपेत. ते बरोबर नाही. त्या दिवशी माझा धाकटा मुलगा सुनेबरोबर होता. शिडी त्यानं धरली. पत्रेही त्यानंच आणले. तो बांधकाम खात्यात आहे. हा इथं उभा आहे. तेव्हा निदान एक माणूस तरी जागा होता. एवढं दुरुस्त करून घ्या."

मुलगी क्षणभर थांबली, आणि त्या क्षणात चौघांच्याही डोळ्यांपुढं भांडार, शेड आणि आठ पत्रे एकामागून एक येऊन गेले. मग ती म्हणाली, "छान बोललात आजोबा."

"आजोबांचा एक जवळून घेतो," कॅमेरावाला म्हणाला. "आजोबा, काच चमकतेय, चष्मा जरा पुसता का?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवरून हात फिरवून परत लावला. कॅमेरावाल्यानं अंगठा वर केला. चहा अर्धा टाकून दोघं पुढच्या घरी गेले.

*

"तुम्ही ह्यांना घरी बसवलंत, अण्णा," धाकटी म्हणाली. ती सासऱ्यांशी असं कधी बोलली नव्हती.

"मी खरं तेच सांगितलं."

"खरं सांगायला आम्हालाही येत होतं. न सांगायचं ठरलं होतं."

"माझ्यापुढं ठरलं. माझ्याशी ठरलं नाही. तीन आठवडे मी पोराशी नीट बोललो नाही. पेपरात आलं म्हणून. चौतीस वर्षं त्याच पेपरात काम केलं मी, कुठली ओळ कशी येते ते मला माहीत नाही का? तरी त्यांचं मानलं आणि ह्याला साधं विचारलंसुद्धा नाही."

थोरल्यानं बातमीदार मुलीला सात वेळा फोन लावला. तिनं उचलला नाही. बाई म्हणाल्या, चॅनलच्या कार्यालयात जाऊ. धाकटा म्हणाला, गेलं तर त्यांना आणखी वाटेल की काहीतरी आहे. दुपारचं जेवण कुणी धड जेवलं नाही.

धाकट्याची अवस्था मात्र विचित्र होती. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण अण्णांचं ते 'हा इथं उभा आहे' पुन्हापुन्हा कानात येत होतं. शाळेत पहिला आला तेव्हाही अण्णा परक्या माणसांपुढं त्याच्याविषयी चार वाक्यं बोलले नव्हते. निकालपत्रातली नावाची चूक तेवढी त्यांनी दाखवली होती. भीती वाटत असताना बरंही वाटतं हे बायकोला कसं सांगायचं ते न कळून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं थोरला शेजारी आला.

"तुला लहान असल्यापासून फोटोत डोळे मिटायची सवय," थोरला म्हणाला. "पण ते कारण नव्हतं."

"माहीत आहे मला."

"बाई आता किती दिवस बोलणार नाही कुणास ठाऊक."

"वहिनी बोलतील. आमची ही नाही बोलणार तुझ्याशी."

दोघं खालचा रस्ता बघत उभे राहिले.

सातच्या बातम्यांना पाचही जण टीव्हीसमोर होते. त्यांची गोष्ट शेवटून दुसरी लागली, दीड मिनिटाची. मीटर दिसला. बाईंचं 'पाय घसरू नये' आलं, पण त्याखाली संगीत होतं, आणि पट्टीवर 'जबाबदारीतून पाय घसरू न देणाऱ्या बाई' असं होतं. गणिताचे सर आले नाहीत. दोन खोल्या आल्या नाहीत. मग अण्णा दिसले, अगदी जवळून. चष्मा काढून पुसत होते, डोळ्यांवरून हात फिरवत होते. निवेदिका म्हणाली, सुनेच्या कर्तृत्वानं सासऱ्यांचे डोळे पाणावले. पाठोपाठ दारात उभे असलेले धाकटा आणि धाकटी एका सेकंदासाठी दिसले. तिनं त्याचा दंड धरलेला होता. 'घरच्यांची भक्कम साथ.'

मग क्रिकेट लागलं.

"कापलं," धाकटी म्हणाली आणि मटकन खाली बसली. ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

"माझी दुरुस्ती घेतली नाही त्यांनी," अण्णा म्हणाले. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा."

"बरं झालं अण्णा, नाही घेतली ते."

"बरं झालं, ते कळतं मला."

साडेसातला धाकट्याचा फोन वाजला. साहेब होते. आवाज बाहेर ऐकू येण्याइतका मोठा होता. "अरे, त्या बाई तुझ्या वहिनी? आधी सांगायचं नाही का? मिसेस आत्ता बघत होत्या, तू दिसलास." नोटिशीचं मनावर घेऊ नकोस, ते म्हणाले, 'दिरंगाईबद्दल दिलगीर आहे, यापुढे दक्षता घेईन' अशा दोन ओळी लिहून दे, मी मिटवतो. भांडारातले आठ पत्रे त्या शाळेच्या कामात दाखवून टाकू. आणि वहिनींना विचार, खात्याच्या कार्यक्रमाला स्वयंस्फूर्ती या विषयावर बोलतील का.

"साहेब, शाळेचा प्रस्ताव?" धाकट्यानं विचारलं.

"तो काल बंद केला. काम झालंच आहे ना? सगळ्या जगानं बघितलंय. शेरा मारला, काम पूर्ण."

धाकट्यानं फोन टेबलावर ठेवला.

"दोन खोल्या राहिल्यात," बाई म्हणाल्या.

"नवा प्रस्ताव करावा लागेल, वहिनी. पहिल्यापासून. मापं, नकाशा, मुख्याध्यापकांचं पत्र."

"किती दिवस?"

"मागच्याला तीन वर्षं लागली."

धाकट्यानं जेवणाच्या टेबलावर बसून दिलगिरीच्या दोन ओळी लिहिल्या आणि सवयीनं अण्णांपुढं धरल्या. अण्णांनी त्या दोनदा वाचल्या. "चूक एकही नाही," ते म्हणाले आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

*

सोमवारी बाई शाळेत तासभर आधी गेल्या. धाकटा कार्यालयातून मोजपट्टी घेऊन येणार होता, पण त्याला साहेबांनी बोलावून घेतलं आणि पट्टी त्यानं शिपायाबरोबर पाठवून दिली. दुसरीच्या वर्गात बाकं एका बाजूला सरकवलेली होती. मधोमध दोन बादल्या. बाईंनी पट्टीचं टोक भिंतीच्या कडेला बाकाखाली दाबलं आणि दुसऱ्या भिंतीकडं चालू लागल्या. निम्म्यावर टोक सुटलं आणि पट्टी सळसळत त्यांच्याकडं परत आली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा सुटलं.

तिसऱ्या वेळी दारात गणिताचे सर उभे होते. हातात डबा आणि हजेरीपट.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

सरांनी वर्गात डोकं घालून दोन्ही कोपरे बघितले, मग खिडकीतून बाहेर बघितलं. "नक्की?"

"नक्की. नवा प्रस्ताव करायचाय. जुना बंद केला, काम पूर्ण म्हणून."

सरांनी बादल्यांकडं बघितलं. एका बादलीत थेंब पडला. "काल टीव्हीवर मला वाटलं, आमच्याबद्दल काही म्हणाल," ते म्हणाले.

"म्हटलं होतं. तुमच्याबद्दलच. घेतलं नाही त्यांनी."

"काय म्हटलं होतं?"

"सुट्टीतल्या गणितांचं."

सरांनी मान हलवली. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. डबा त्यांनी बाकावर ठेवला, त्याच्यावर हजेरीपट ठेवला आणि एक हात बाकावर टेकून, दुखऱ्या गुडघ्याला सांभाळत, सावकाश खाली वाकून पट्टीचं टोक धरलं.

"सोडू नका," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नीट ओढा. वाकडी जातेय तुमची बाजू." त्यांनी डोळे बारीक केले. "हं, आता बरोबर. किती आलं?"

"सोळा फूट चार इंच."

"पुन्हा एकदा मोजू," सर म्हणाले. "वर पाठवायचंय."